जुनी पेन्शन : हिशोब आज, भरणा 2038 मध्ये

14 मार्च 2023. राज्यातली सरकारी कार्यालयं, जिल्हा परिषदेच्या शाळा, दवाखाने, सगळीकडे काम थांबलं. घोषणा एकच : 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. संप आठवडाभर चालला.

भांडण एका तारखेचं आहे. 1 नोव्हेंबर 2005. त्याच्या आदल्या दिवशी रुजू झालेल्याला 1982 च्या नियमांचं निवृत्तिवेतन, म्हणजेच जुनी पेन्शन; त्या दिवशी रुजू झालेल्याला अंशदानाची, म्हणजे पगारातून हिस्सा कापून घेणारी योजना. टेबल तेच, काम तेच. जाहिरात आधीची पण नेमणूक नंतरची, अशांना फेब्रुवारी 2024 मध्ये जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. बाकीचे रेषेपलीकडेच राहिले.

समजा, शेवटचं मूळ वेतन 60,000 रुपये. जुन्या योजनेत निम्मे, म्हणजे 30,000, वर महागाईवाढ. त्यासाठी पगारातून कपात नाही. भविष्य निर्वाह निधी वेगळा, ती स्वतःची बचत.

एनपीएसमध्ये, म्हणजे अंशदानाच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत, मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर 10 टक्के कर्मचाऱ्याचे, 14 टक्के सरकारचे. पैसा बाजारात. निवृत्तीला 50 लाख साठले असं धरू. किमान 40 टक्के, म्हणजे 20 लाखांची वार्षिकी (विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन मिळणारं ठराविक निवृत्तिवेतन) घ्यावीच लागते. 6 टक्के दर मिळाला तर महिना 10,000. उरलेले 30 लाख हातात येतात. सभेतल्या भाषणात 10,000 चा आकडा येतो, हे 30 लाख येत नाहीत. तेही त्याच दराने गुंतवले तर महिना आणखी 15,000 सुटतात. म्हणजे पहिल्या वर्षी दरी वाटते तेवढी मोठी नाही. ती रुंदावते पुढे. 30,000 वर दर काही महिन्यांनी महागाईवाढ चढत जाते. साध्या वार्षिकीचे 10,000 मात्र वीस वर्षांनीही 10,000 च. त्यात सरकारचा हिस्सा खात्यावर उशिरा पडला, तर मधल्या काळातली वाढ गेली ती गेलीच.

24 ऑगस्ट 2024 ला केंद्राने एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने होकार दिला. शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या 50 टक्के हमी, त्यावर महागाईवाढ. केंद्रात सरकारचा भार 18.5 टक्के. कर्मचाऱ्याची 10 टक्के कपात सुरूच.

मेख आहे ती 25 वर्षांच्या सेवेत. सेवा कमी, तर त्या प्रमाणात रक्कम कमी. राज्याच्या भरतीत खुल्या वर्गाची वयोमर्यादा 38, मागासवर्गीयांची 43. निवृत्ती साधारण 58 ला. चाळिशी उलटल्यावर, 43 व्या वर्षी लागलेल्याची सेवा होते 15 वर्षं. 60,000 वर त्याला 30,000 नाही, 18,000 मिळतील. भरती वर्षानुवर्षं रखडल्याचा भुर्दंड असा त्याच्याच माथी बसतो.

आता सरकारची बाजू. जुन्या योजनेसाठी वेगळा निधी नसतो. त्या वर्षीच्या महसुलातूनच पैसे जातात. राजस्थानने 2022 मध्ये जुनी योजना परत आणली, मग छत्तीसगड, पंजाब, हिमाचल यांनीही. असं केलं की सरकारचा मासिक हिस्सा लगेच वाचतो. निर्णय घेणाऱ्याला पैसे उरल्यासारखे दिसतात आणि मतंही मिळतात. या राज्यांनी एनपीएसमध्ये आधी साठलेली रक्कम परत मागितली, तेव्हा कायद्यात तशी तरतूद नाही, असं केंद्राने सांगितलं.

आपल्याकडे नोव्हेंबर 2005 मध्ये पंचविशीत लागलेला कारकून 2038 च्या सुमारास निवृत्त होईल. जुनी योजना आज परत आली, तर त्याच्या पेन्शनची तरतूद त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात करावी लागेल. ते मांडणारा अर्थमंत्री आज कदाचित आमदारही नसेल.