कॉईल गेली म्हणायच्या आधी

नमस्कार मंडळी. मुंबईची थंडी म्हणजे काय, पंखा चारवरून दोनवर येतो एवढीच, पण तेवढ्यात सुद्धा सकाळी गार पाणी अंगावर घ्यायला घरात कोणी तयार नसतं आणि गिझर नेमका याच दिवसांत बसतो. मग वायरमनला फोन. तो येतो, मान वर करून बघतो आणि झाकण उघडायच्या आधीच सांगतो, कॉईल गेली, म्हणजे आतला पाणी तापवणारा भाग. जाते हो, कॉईल जाते पण. फक्त त्याच्याआधी बघायच्या गोष्टी बऱ्याच असतात आणि त्यातल्या निम्म्या तुम्हाला काहीही न खोलता कळतात.

आधी दिवे बघा. बऱ्याच स्टोरेज गिझरना दोन असतात, एक मेनचा, एक हीटिंगचा. दोन्ही बंद असतील तर गिझरकडे नंतर, आधी बोर्डाकडे जा. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, पडलेला नसेल तर स्विच बंद करा, हात कोरडे करा आणि प्लग बाहेर काढून पिना नीट बघा. दोन किलोवॅटचा गिझर 230 व्होल्टला साधारण पावणेनऊ अँपियर खेचतो, त्यामुळे पिन जराशी जरी सैल बसली तरी तिथंच तापायला लागतं. पितळेची पिन काळपट होते, सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी कडं दिसतं, प्लास्टिक एका बाजूनं फुगलेलं असतं. वासही येतो, कोणीतरी सुकट भाजतंय असा, आणि आपल्याकडे तो वास आला की लोक खिडकीतून शेजारच्या स्वयंपाकघराकडे बघतात, बोर्डाकडे कोणी बघत नाही! असं दिसलं तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला, कारण जळक्या सॉकेटात नवा प्लग घातला तर तोही तसाच जळणार. आणि 16 अँपियरचंच सॉकेट, मोबाईल चार्जरवालं नाही.

मेनचा दिवा आहे, पाणी गार आहे आणि हीटिंगचा दिवा लागतच नाही, तर संशय थर्मोस्टॅटवर (पाणी ठरलेलं तापलं की हीटिंग तोडणारा) किंवा कटआऊटवर (पाणी प्रमाणाबाहेर तापलं तर सप्लाय तोडणारा). हीटिंगचा दिवा लागलाय आणि अर्ध्या तासानंतरही पाणी गारच, तर मात्र कॉईल तुटली असण्याची शक्यता जास्त. कटआऊटला आत एक छोटं बटण असतं, वायरमन ते दाबतो, टक्क आवाज येतो, गिझर सुरू. एकदा झालं तर ठीक. पण परत परत पडत असेल तर थर्मोस्टॅट वेळेवर तोडत नाहीये, पाणी प्रमाणाबाहेर तापतंय, त्याला थर्मोस्टॅट बदलणं हाच उपाय. काही महाभाग अशा वेळी कटआऊटच्या दोन वायरी थेट जोडून देतात, "आता कध्धी बंद पडणार नाही" म्हणून. असा माणूस परत घरात घेऊ नका.

कॉईल तपासणं सोपं आहे, पण ते वायरमनचं काम, तुम्ही फक्त समोर उभं राहून करून घ्या. सप्लाय बंद, कॉईलच्या वायरी सुट्या, मग मल्टिमीटर लावला की दोन किलोवॅटच्या चांगल्या कॉईलला 26 ओहमच्या आसपास आकडा येतो. काहीच आला नाही तर तुटली. बरेच जुने लोक सिरीज लॅम्पनं, म्हणजे सप्लायच्या वाटेत बल्ब जोडून, बघतात, तेही चालतं.

खरी डोकेदुखी म्हणजे गिझर लावला की ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, पडणं. कॉईलच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साईडची पावडर असते, ती ओल धरते. नळीला बारीक चीर गेली किंवा वरचं सील फुटलं की करंट बॉडीकडे गळतो आणि 30 मिलीअँपियरचा ईएलसीबी आपलं काम करतो. सिरीज लॅम्पला एवढीशी गळती दिसत नाही, त्याला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लागतो, आणि तो सुद्धा कॉईल गरम असताना लावून बघावा, कारण काही कॉईल गार असताना साळसूद असतात आणि पाच मिनिटं तापल्या की ट्रिप. हे न बघता ईएलसीबीच खराब म्हणून काढून टाकणारे पण मी पाहिलेत, काय बोलणार.

अर्थिंगचं सांगतो, गिरगाव-परळकडच्या जुन्या बिल्डिंगवाल्यांनी जरा कान द्या. पूर्वी कित्येक ठिकाणी अर्थची वायर सरळ लोखंडी पाण्याच्या पाईपला बांधलेली असायची. योग्य नव्हतंच, पण काहीतरी होतं. आता रिपेअरिंगमध्ये पाईप प्लास्टिकचे झाले, वायर तिथंच भिंतीत बांधलेली आणि पलीकडे अर्थ नाहीच. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर गिझर ताबडतोब बंद, आधी अर्थिंग तपासून घ्या.

पाणी कमी गरम येतं ही तक्रार वेगळी. 15 लिटरच्या, दोन किलोवॅटच्या गिझरला 25 डिग्रीवरून 60 ला जायला 18-20 मिनिटं लागतात. तुमचा त्याहून जास्त वेळ घेतोय तर व्होल्टेज बघा, 200 व्होल्टला दोन किलोवॅटचे दीडच उरतात. वेळ बरोबर आहे पण अर्ध्या बादलीत गार होतं, तर इनलेट-आऊटलेट उलटे जोडलेत का ते बघा, नवीन फिटिंगनंतर हे फार होतं. क्षार हे आणखी एक कारण. भातसा-तानसा धरणांचं पालिकेचं पाणी मऊ, त्यात कॉईलवर थर फारसा चढत नाही. पण सोसायटीत बोरिंगचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर खडखड आवाज येईल, कॉईलवर पांढरा खडू जमलेला निघेल आणि टाकी वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉडही लवकर झिजेल.

आणि सेफ्टी वाल्व्हमधून तापताना पाणी टपकतं, त्याला घाबरू नका. 15 लिटर पाणी 60 पर्यंत तापलं की ग्लासभर फुगतं, ते कुठेतरी जाणारच. त्याला एमसील लावून बंद करू नका म्हणजे झालं. गिझर बंद असतानाही धार चालूच राहिली तर वाल्व्ह बदला. पण पाणी वाल्व्हमधून नाही, खालून बॉडीच्या पत्र्यातून झिरपतंय आणि गंजाचा डाग पडलाय, तर बहुतेक आतली टाकी गेली. तिथं रिपेअरिंगला पैसे घालू नका, नवीन गिझर बघा.