गिऱ्हाईक हवा, शेजारी नको

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या कॉलेज टाउनचा, म्हणजे विद्यापीठाच्या जिवावर चालणाऱ्या गावाचा, व्यवहार सरळ असतो. सत्र सुरू झालं की डाउनटाउनमधल्या कॅफेंना, पिझ्झावाल्यांना, जुनी पुस्तकं विकणाऱ्यांना बरकत. उन्हाळ्याची सुट्टी लागली की सगळीकडे सामसूम. दुकानदार विद्यार्थ्यांची वाट पाहत असतात. पण याच गावांनी घरांबद्दल केलेले नियम वाचले, तर वेगळंच चित्र दिसतं. विद्यार्थी गिऱ्हाईक म्हणून सगळ्यांना हवा, शेजारी म्हणून मात्र फारसा कुणाला नको.

न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर बेल टेअर नावाचं खेडं आहे. 1970च्या दशकात तिथे जेमतेम 220 घरं आणि 700 माणसं. या खेड्याने नियम केला होता की, रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नसलेल्या दोनपेक्षा जास्त माणसांनी एका घरात राहायचं नाही. स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या सहा विद्यार्थ्यांनी तिथे एक घर भाड्याने घेतलं आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1974 मध्ये न्यायालयाने खेड्याच्या बाजूने कौल दिला. मोठी अंगणं, थोडी माणसं, कमी मोटारी, असं शांत गाव ठेवायचं असेल तर असा नियम करता येतो, असं न्यायालयाचं म्हणणं. कॉलेज टाउनमध्ये स्वतःच्या घरात राहणाऱ्या घरमालकांना हा निकाल पुढे चांगलाच उपयोगी पडला. कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्येही बिनानात्याच्या माणसांवर अशीच मर्यादा होती. ती 2023 मध्ये पाचापर्यंत वाढवली गेली, आणि 2024 मध्ये राज्याने कायदा करून नात्यावर आधारलेल्या अशा मर्यादाच मोडीत काढल्या. म्हणजे गावाला जमलं नाही ते राज्याला करावं लागलं.

आता कॅलिफोर्नियातल्या बर्कली या विद्यापीठाच्या गावाकडे वळू, कारण हा झगडा तिथे जितका रंगला तितका क्वचितच कुठे रंगला असेल. झोनिंग म्हणजे कोणत्या भागात काय बांधता येईल याचे नियम; केवळ एका कुटुंबासाठी घर, असं झोनिंग बर्कलीने 1916 मध्ये आणलं. कोणत्या वस्तीत कोण येणार नाही, हे ठरवायचा तो सभ्य मार्ग होता. त्यामागे वर्णभेद होता हे सिटी कौन्सिलने 2021 मध्ये ठराव करून मान्य केलं. त्याच वर्षी बहुतेक नव्या घरांसाठी पार्किंगची सक्तीही काढली गेली. ही दुसरी गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते, पण माझ्या मते डाउनटाउनचं रूप भाषणांपेक्षा अशाच कलमांनी बदलतं. प्रत्येक बिऱ्हाडामागे मोटारीची जागा द्यायची म्हटलं की बिल्डरला तळघर खणावं लागतं, आणि तो खर्च भाड्यात येऊन बसतो. मोटार नसलेला विद्यार्थीही तो भरतो.

दरम्यान विद्यापीठाने विद्यार्थी वाढवत नेले, वसतिगृहं मात्र त्या मानाने बांधलीच नाहीत. चौथ्या हिश्श्याहूनही कमी विद्यार्थ्यांची सोय विद्यापीठाकडे होती. बाकीचे गावात खोल्या शोधत फिरणार, भाडी चढणार, शेजारी चिडणार, हे ओघानेच आलं. शेजाऱ्यांच्या एका संघटनेने, प्रकल्पाचे आसपासच्या परिसरावरचे परिणाम आधी तपासायला लावणाऱ्या राज्याच्या पर्यावरण कायद्याचा आधार घेऊन दावा ठोकला. न्यायालयाने विद्यार्थिसंख्या 2020 च्या पातळीवर, 42,347 वर गोठवली. हजारो मुलांचे प्रवेश टांगणीला लागले, तेव्हा मार्च 2022 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने घाईघाईने कायदा बदलून वाट काढली.

तोवर दुसरं भांडण पेटलेलंच होतं. पीपल्स पार्क या विद्यापीठाच्या मालकीच्या मोकळ्या जागेवर सुमारे 1,100 विद्यार्थ्यांसाठी इमारत बांधायची होती. फेब्रुवारी 2023 मध्ये अपील न्यायालय म्हणालं, पार्ट्या करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गोंगाटाचा अभ्यास विद्यापीठाने केलेला नाही. म्हणजे कारखान्याच्या धुराच्या रांगेत पोरांचा आवाज जाऊन बसला! त्यावरही राज्याने कायदा केला, आणि जून 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने इमारतीला वाट मोकळी करून दिली. गंमत अशी की, 1969 मध्ये याच पार्कवरून पेटलेल्या आंदोलनावर नॅशनल गार्ड ही राखीव सेना पाठवणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन, आणि हा पर्यावरण कायदा 1970 मध्ये सही करून आणणारेही तेच.

सिटी कौन्सिल या सगळ्यात कुठे होतं? पैशाच्या वाटाघाटीत. सरकारी विद्यापीठाला मालमत्ता कर नाही आणि गावचं झोनिंगही लागू होत नाही. आग विझवायला मात्र गावचाच बंब जाणार. 2021 मध्ये तडजोड झाली: विद्यापीठाने 16 वर्षांत 8 कोटी 26 लाख डॉलर द्यायचे आणि शहराने विस्ताराच्या काही योजनांना न्यायालयात आडवं जायचं नाही. वर्षाला साधारण 52 लाख डॉलर पडतात. गावातल्या काहींना हे फारच स्वस्तात उरकलं असं वाटलं, आणि त्यांचा राग मला समजतो. पण करच लावता येत नसेल, तर हातात राहतात ते दावे आणि वाटाघाटी.

कौन्सिलमध्ये विद्यार्थ्यांचा आवाज असावा म्हणून बर्कलीने प्रभागांची पुन्हा आखणी केली. विद्यार्थीबहुल प्रभागातून 2018 मध्ये नुकताच पदवी घेतलेला 22 वर्षांचा तरुण निवडून आला. पीपल्स पार्कच्या वादात त्रास इतका वाढला की जानेवारी 2024 मध्ये त्याने राजीनामा दिला. एप्रिलच्या पोटनिवडणुकीत विद्यापीठात शिकत असलेलीच एक तरुणी त्या जागेवर आली. या प्रभागात प्रचाराची पंचाईत वेगळीच: मागच्या वेळी ज्यांनी मत दिलं, त्यांतले बरेच जण पदवी घेऊन गाव सोडून गेलेले असतात, आणि पलीकडच्या टेकडीवरचा घरमालक तीस वर्षं त्याच पत्त्यावर मतदान करत असतो.