शिंप्याच्या हातातलं कायद्याचं पुस्तक

नमस्कार मंडळी! कोरिया म्हटलं की आता घरोघरी आठवतात ते ड्रामे, बीटीएस, नाहीतर किचनमधला फ्रीज. आणि कट्ट्यावर कोणीतरी हमखास म्हणतंच, तिथला तेव्हाचा हुकूमशहा पार्क चुंग-ही याने शिस्त लावली म्हणून दक्षिण कोरिया वर आला. लावली की, नाही कोण म्हणतंय. पण आज मला एका शिंप्याबद्दल बोलायचंय.

नाव जॉन ते-इल. हा इंग्रजी जॉन नव्हे हं, कोरियन आडनाव आहे ते. 1960च्या दशकात सोलच्या पीस मार्केटमध्ये, म्हणजे कपड्यांच्या बाजारात, कामाला होता. तिथले कारखाने म्हणजे एका मजल्यात फळ्या ठोकून दोन केलेले, उभं राहिलं की डोकं छताला लागणार, आणि तिथे तेरा-चौदा वर्षांच्या पोरी दिवसाचे चौदा तास राबायच्या, महिन्याला दोन सुट्ट्या, कपड्याचा धुरळा छातीत जाऊन आजारी पडायच्या. हा आपल्या बसच्या पैशातून त्यांना खायला आणायचा नि स्वतः चालत घरी जायचा.

मग कळलं की अरे, कामगारांसाठी कायदा आहे, तोही 1953पासून! पुस्तक आणलं तर ते चिनी अक्षरांनी भरलेलं. हांगुलसारखी सोपी लिपी घरची असताना कायदा मात्र असा, म्हणजे आपल्या घरात जुना मोडी कागद निघावा नि वाचणारा कोणी नसावा, तसंच की. कॉलेजात शिकणारा एक तरी मित्र असता तर, असं तो म्हणायचा.

मुलींकडून कामाच्या परिस्थितीचे फॉर्म भरून घेतले, सरकारकडे अर्ज दिले, काही झालं नाही. सोल-बुसान एक्सप्रेसवे सुरू झाला तेच साल, 1970. कायदा नुसता कागदावरच, म्हणून 13 नोव्हेंबरला ते कायद्याचं पुस्तकच जाळायचं ठरलेलं, पोलिस आडवे आले, आणि त्याने स्वतःलाच पेटवून घेतलं. 'आम्ही मशीन नाही' असं ओरडत होता. वय 22.

त्याच महिन्यात मार्केटात युनियन उभी राहिली. आई, ई सो-सन, पुढची चाळीस वर्षं कामगारांसाठी लढली, जेलमध्येही गेली. आणि कॉलेजची पोरं हळूहळू, कामगारांना एकत्र आणायला, शिक्षण लपवून कारखान्यांत नोकऱ्या धरायला लागली. 1987च्या जूनमध्ये लोक रस्त्यावर उतरून राष्ट्राध्यक्ष थेट निवडायचा हक्क मिळवतात, आणि लगेच जुलै-ऑगस्टमध्ये देशभर संप होतात, त्यामागे या पोरांचीही वर्षं आहेत. त्यातली कितीतरी जणं रात्रशाळेत शिकवायची. विषय, कामगार कायदा.