जागल्यानं हाणलेला गोटा

(गाडगेबाबांच्या पुण्यतिथीनिमित्त गावच्या वाचनालयात दिलेलं व्याख्यान, जरासं नीट करून.)

मंडळी, अध्यक्षांनी ओळख करून देताना मला डॉक्टर म्हटलं, तेवढं आधी दुरुस्त करतो. मी ३१ वर्षं अकरावी-बारावीच्या पोट्ट्यांना बायलॉजी शिकवलं, बस, त्यामुळे कोणी बीपीच्या गोळ्या दाखवायला आणल्या असतील तर खिशातच राहू द्या. आणि दुसरं, साडेनऊला पंपाची थ्री फेज लाईन येते, लाईन आली की चणा-गहूवाले उठणार, मीही उठलो असतो. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘आपली प्रतिकारशक्ती आपल्यालाच का खात नाही’. तीन मुद्दे आहेत. पण त्याआधी जागलीची एक गोष्ट.

आमचं नाल्याकाठचं वावर तुम्हाला माहीत आहे. त्या वर्षी चणा असा आला होता की बघत राहावं, आणि रानडुकरं म्हणाल तर रोज हजर. एक जागल्या ठेवला, पोरगा चांगला, गोफण अशी मारायचा की उडतं पाखरू पाडेल. पण चार दिवसांनी बघतो तर अर्धी बांधी उकरलेली. मी त्याला धुऱ्यावरच झापलं, म्हटलं झोपतोस काय रे, आजपासून काही हललं की हाण, विचारू नको. मास्तर माणूस, झापायची सवय जुनी. दुसऱ्या दिवशी मलाच चैन पडेना, रात्री बारा-एकला काळी घोंगडी घेतली नि निघालो बघायला की पोरगं जागं आहे का. धुऱ्यापाशी गेलो, थंडीचे दिवस, आता सांगायला लाज कसली, एकीला बसलो. तेवढ्यात सूंऽऽ करून आवाज आला आणि गुडघ्यावर असा गोटा बसला की मला चांदण्या जास्त दिसायला लागल्या. (हशा) हसा हसा, महिनाभर लंगडलो मी. पोरगा बॅटरी घेऊन धावत आला, बघतो तर मालक. म्हणे, “गुर्जी, खोकलत तरी यायचं नं! तुमी खाली बसेल, आंगावर काळी घोंगडी, मले काय मालूम!” बरं त्याचं चुकलं काय? मीच सांगितलं होतं विचारू नको म्हणून. आणि तो मला खांद्यावर टाकून घरी आणत होता तोवर डुकरांनी उरलेली बांधी निवांत साफ केली. बायको हळद लावता लावता म्हणाली, अजून झापा.

ही गोष्ट मला २०२० साली पुन्हा आठवली. तेव्हा जो तो इम्युनिटी वाढवत होता. काढा, गोळ्या, चूर्ण, पाण्याच्या बाटलीवरसुद्धा इम्युनिटी. माझ्या धाकट्या बहिणीला आमवात आहे, म्हणजे तिची प्रतिकारशक्ती तिच्याच सांध्यांना परकं समजते, आणि तिची औषधं त्या शक्तीला थोडं दाबून धरायला दिलेली. एका जणानं तिला बूस्टरचा डबा विकला नि वरून सांगितलं, त्या दाबायच्या गोळ्या आता बंद करा. तिनं केल्या. दोन महिन्यांत बोटं अशी सुजली की भाकर थापता येईना. डब्यानं झालं की गोळ्या सोडल्यानं, मी म्हणतो गोळ्या सोडल्यानं, पण राग माझा डब्यावरच आहे. अरे बाबा, वाढवायची म्हणजे काय? जागल्याला अजून झापायचं? आपल्यात लढायची ताकद तशी भरपूर असते, कठीण काम आहे ते हात आवरायचं, आणि ते कसं होतं हेच आज सांगायचंय… किती वाजले? नऊ वाजून पाच? बरं.

पहिला मुद्दा, आपलं-परकं ठरतं कधी? हा धागा सापडला गोठ्यात. तुम्हाला माहीत आहे, गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा नि एक कालवड, तर ती कालवड बहुतेक गाभण राहत नाही. पोटात असताना दोघांच्या वारेतून रक्त एकमेकांत जातं, म्हणून. अमेरिकेत रे ओवेन नावाच्या माणसानं १९४५ साली दाखवलं की अशा जुळ्यांच्या अंगात मोठेपणीही एकमेकांच्या रक्तपेशी सुखानं नांदतात, कोणी कोणाला हाकलत नाही. म्हणजे जन्माआधी ज्याची ओळख झाली तो आपला. यावरून ऑस्ट्रेलियाच्या बर्नेट यांनी सिद्धांत मांडला, इंग्लंडच्या मेडावर आणि त्यांच्या जोडीदारांनी १९५३ साली उंदरांवर तो सिद्ध केला, आणि १९६० चं नोबेल बर्नेट-मेडावरना मिळालं. गाईवाला राहिला. हे मला अजून खटकतं, असो.

दुसरा मुद्दा, शाळा. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, लहानपणी मोठी, वयात आलं की आक्रसत जाते. टी पेशी, म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची एक जात, तिथं शिकतात. मी पेपर कडक तपासायचो म्हणून बदनाम होतो, पण तिथला निकाल बघा, शंभरातल्या दोन-चार पास. ज्यांना काही ओळखताच येत नाही त्या मरतात, ज्या आपल्याच अंगावर जोरात धावतात त्याही मरतात. आता तुम्ही म्हणाल, छातीतल्या शाळेत स्वादुपिंडाचं इन्सुलिन कुठून दाखवणार? तर एअर नावाचा जीन आहे, तो तिथल्या पेशींकडून साऱ्या शरीराच्या मालाचे नमुने बनवून घेतो, बाजारात धान्याची वानगी ठेवतात तसे. आणि नापास झालेल्यांचं काय? त्यांना झाडूवाल्या पेशी गुपचूप गिळतात. आज गाडगेबाबांचा दिवस आहे म्हणून मुद्दाम सांगतो, हा झाडू नीट चालला नाही, मेलेल्या पेशी पडून राहिल्या, तर ल्युपससारख्या, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटते अशा आजाराला त्यानंही हात लागतो.

नऊ वीस. तिसरा मुद्दा पळत सांगतो, खरं तर मी आलो होतो याच्यासाठी. शाळेतून काही वांड पोरं सुटतातच. मग? माझ्या जागल्यानं पुढं काय केलं, म्हाताऱ्या बापाला मचाणावर सोबत न्यायला लागला. म्हाताऱ्याला गोफण उचलत नव्हती, तो फक्त म्हणायचा, “थांब रे, आपलाच मानूस हाय.” शरीरात असे म्हातारे आहेत, त्यांना रेग्युलेटरी टी पेशी म्हणतात. जपानच्या साकागुची यांनी १९९५ साली त्या दाखवल्या. जन्मून तीन दिवसांच्या उंदराचा थायमस काढला तर त्याची प्रतिकारशक्ती पुढं त्याच्याच अवयवांवर उलटते, पण निरोगी उंदराच्या टी पेशी टोचल्या की ते थांबतं. मग ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी २००१ साली जन्मजात आजारी उंदरांत बिघडलेला जीन शोधला, फॉक्सपी३, तोच बिघाड काही लहान मुलांतही निघाला, आणि या पेशी घडवणारा जीन तोच हे दोन वर्षांनी कळलं. २०२५ चं नोबेल या तिघांना. कॅन्सरची गाठ मात्र हुशार, ती याच म्हाताऱ्यांना आपल्याभोवती गोळा करून बसते. पेशींवर ब्रेकही असतात, तो ब्रेक सोडवून कॅन्सरवर इलाज निघाला, २०१८ चं नोबेल, पण ब्रेक सोडला की काहींची थायरॉईड नाहीतर आतडीही सापडतात तडाख्यात, म्हणजे पुन्हा माझा गुडघा.

एक चिठ्ठी आलीय, नाव नाही. ‘कोड हात लावल्यानं होतो का?’ नाही. कोडात आपल्याच टी पेशी कातडीला रंग देणाऱ्या पेशी मारतात, जंतू नाही, लागण नाही. कुष्ठरोग वेगळा, तो जंतूनं होतो आणि औषधानं बरा होतो, आनंदवन इतकं जवळ असून आपल्याकडे अजून दोन्ही एकच समजतात आणि पोरींची लग्नं मोडतात, यावर खरं तर मला अर्धा तास…

आली का लाईन? जा बाबा, मोटारी लावा. चिठ्ठी लिहिणारी जी कोणी असेल तिनं थांबलं तरी चालेल, चहा होईपर्यंत मी इथंच आहे.