बसायला कोण येणार?

मंडळी, पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘घर लहान कसं करावं’ असा छापला आहे आणि वेळ दिली आहे चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं म्हणजे शाळेचा एक तास. जन्मभर तेच केलं, त्यामुळे मला घड्याळ बघावं लागत नाही. फरक इतकाच, की शाळेत घंटा झाली तरी राहिलेला धडा उद्यावर ढकलता यायचा. इथे ती सोय नाही. तेव्हा ‘कसं करावं’ ते मी सांगणार आहे, नक्की सांगणार आहे, पण आधी थोडं इकडचं तिकडचं.

या सभागृहात बसलेले निम्मे तरी लोक आपल्या बडोद्यातले जुने भाग, म्हणजे दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग, बाबाजीपुरा सोडून कुठे गोत्रीला, कुठे मांजलपूरला, कुठे वासणा-भायली रोडला गेले. कुणी वाडा विकला, कुणी बिल्डरला देऊन त्याच जागेवर तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. आम्ही गोत्रीला गेलो. आमचा काही तांबेकरांचा वाडा नव्हता, की सरकारने भिंतीवरची चित्रं बघून पाटी लावावी. साधा दुमजली, सागवानी खांबांचा, पुढे ओटा, मागे परस, परसात शेवगा, कढीपत्ता आणि पारिजातक. शेवग्याची फांदी दर पावसाळ्यात शेजारच्यांच्या पत्र्यावर पडायची आणि त्यावरून वर्षातून एकदा भांडण व्हायचं. भांडण झालं की शेंगा पाठवायच्या. असं ते चाललं होतं.

घर आवरायला काढलं की सगळे एकच विचारतात, हे मावेल का? कपाट मावेल का, देव्हारा मावेल का, ह्यांची सायकल मावेल का. हे दुसऱ्या रांगेत बसलेत, हसताहेत बघा. सायकल नाही मावली. माझं म्हणणं असं, की मोजपट्टी नंतर काढावी. आधी ठरवावं की नव्या घरी आपल्याकडे बसायला कोण येणार आणि कशाच्या निमित्ताने येणार. ते ठरलं की कुठली वस्तू न्यायची हे फार अवघड राहत नाही. झालं, माझं म्हणणं संपलं. आता गोष्ट.

माळ्यावरची भांडी खाली उतरवली. बंब, घंगाळ, पाटा-वरवंटा हे तर होतंच, लग्नात आलेले लेमन सेटही होते, अजून खोक्यात. तुमच्याकडेही आहेत, मान हलवू नका. पण त्याच्या मागे निघाले डबे. स्टीलचे, पितळेचे, कडीचे, बिनकडीचे. आणि त्यांवर नावं. आपल्या लोकांची ही सवय, भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव घालून घ्यायचं. पूर्वी तो माणूस छिन्नीने ठिपका ठिपका मारून घालायचा, मग विजेचं मशीन आलं आणि अक्षर बिघडलं. मी एकेक डबा उजेडात धरून वाचत गेले आणि लक्षात आलं, की निम्मे डबे आमचे नाहीतच! कुणाच्या लग्नाची तारीख, कुणाच्या ‘कै. सासूबाईंच्या स्मरणार्थ’, आणि एका पातेल्यावर शेजारच्या पटेलांचं नाव गुजराती अक्षरात. ते पातेलं उत्तरायणाला उंधियू घेऊन आलं असणार आणि इकडून तिळगूळ भरून परत जायचं राहिलं असणार.

आमचा मुलगा फोनवर म्हणाला, आई, सगळे एकदम भंगारवाल्याला देऊन टाक, वजनावर घेतो. आता सांगा, दुसऱ्याच्या नावाचं भांडं मी वजनावर कसं विकू? म्हणून ठरवलं, ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. आणि रिकामा डबा परत द्यायचा नाही हे तर आपल्याला शिकवावं लागत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. मी प्रत्येकात बेसनाचे लाडू घातले.

पहिला डबा मांजलपूरला, एका जुन्या मैत्रिणीकडे. तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलंच नाही, डब्याकडे पाहिलं. म्हणाली, “अगं, हा तुझ्याकडे होता? ह्या डब्यावरून सासूबाईंनी मरेपर्यंत मला बोल लावला! माझ्या माहेरी गेला म्हणायच्या!” आणि हसता हसता रडायलाच लागली. मग मला बसवलं. दहा मिनिटांत निघेन म्हणून रिक्षा थांबवली होती, ती सोडून दिली. चहा झाला, मग पोहे, मग ती म्हणाली आता जेवूनच जा. सासूबाईंपासून सुरुवात झाली ती आमच्या दोघींच्या गुडघ्यांपर्यंत आली. आम्ही दोघी एकाच गावात राहतो, मंडळी. त्याआधी आमची भेट झाली होती ती कुणाच्या तरी बेसण्याला, म्हणजे गेलेल्या माणसाच्या शोकसभेला. पाच ते सात, पांढरे कपडे, हात जोडायचे, फोटोला फूल घालायचं आणि निघायचं. हल्ली आपल्या मित्रमंडळींची खबर आपल्याला पेपरात छापून येते, तेव्हा कळते. त्या पानावर फोटो बघायची सवय लागली आहे, ती चांगली नाही.

सगळीकडे असं झालं नाही. एकीने दारातच सांगितलं, “नको गं बाई, मी गेल्याच आठवड्यात माझे सगळे काढून टाकले, तू कुठे आणखी घेऊन आलीस!” लाडू मात्र काढून घेतले. एका ठिकाणी मैत्रीण गेलेली, मुलगा दारात आला. त्याने डब्यावरचं आईचं नाव वाचलं, मला आत बोलावलं, आणि माझी निघायची वेळ झाली तशी त्याची घालमेल सुरू झाली. मला काहीतरी देऊन पाठवायचं हे त्याला आईमुळे ठाऊक, पण घरात काय आहे ते माहीत नाही. शेवटी त्याने एका प्लॅस्टिकच्या डब्यात फरसाण भरून दिलं. झाकणावर आयुर्विम्याची जाहिरात. म्हणजे तो डबा आता मला परत करायचा आहे.

हेच तर सांगते आहे. मी डबे परत करायला निघाले आणि प्रत्येक घरून दुसरा डबा घेऊन आले. हे विचारायला लागले, “आपण घर लहान करतोय की टपालखातं उघडतोय?” मी म्हटलं, उघडलं तर उघडलं, तुमची सायकल त्या खात्याला देऊ या.

आपल्या सयाजीराव महाराजांचं बघा. विषयांतर वाटेल, पण नाही. १८९० साली लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला, म्हणजे महाराजांना पुस्तकं ठेवायला जागा नव्हती असं कुणी म्हणणार नाही. तरी त्यांनी १९१०मध्ये अमेरिकेहून बोर्डन साहेबांना बोलावलं, वाचनालयांचं काम हाती दिलं आणि मध्यवर्ती वाचनालयात राजवाड्यातली स्वतःची पुस्तकं घातली. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती गावोगाव फिरायची. एका गावात वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. घर लहान झालं म्हणून द्यावं असं काही नाही, घर मोठं असताना दिलं तर घेणाराही खुशीने घेतो. आपण कधी देतो? ट्रक दारात उभा राहिल्यावर. तेव्हा वाचनालयवालेसुद्धा हात जोडतात.

आणि जे मुळीच आवरत नाहीत त्यांचं विश्वामित्री नदी आवरते. ऑगस्ट २०२४ कुणी विसरलेलं नाही. धोक्याची पातळी २६ फूट आणि पाणी ३५च्या वर. फतेगंज, समा, अकोटा, कुठे कुठे नाही शिरलं? पाणी उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोफे, गाद्या, फ्रीज, कपाटांची फुगलेली दारं. माझी एक विद्यार्थिनी समाला तळमजल्यावर राहते. तिला विचारलं, वर काय काय नेलंस? म्हणाली, कागदपत्रं, औषधं, देव आणि चार्जर. त्या रात्री तिला वरच्या मजल्यावरच्यांनी घरात घेतलं, आणि पाच वर्षं एका जिन्यावर राहून तिला त्यांचं नाव त्या रात्री कळलं. अंगणात मगर येऊन गेली ती वेगळीच. बडोद्यात न कळवता येणारी पाहुणी आता तीच उरली आहे.

हां, झोपाळा. झोपाळ्याचं सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. वाड्यात आमचा झोपाळा होता, तुळईला चार कड्या, पितळी सळ्या, चांगली रुंद सागाची फळी. आलेला माणूस खुर्चीवर बसला की कामाचं बोलतो आणि उठतो. झोपाळ्यावर बसला की पाय हलतो, आणि पाय हलायला लागला की माणूस उठत नाही. फ्लॅट घेताना बिल्डरच्या छापील पुस्तकात बाल्कनीचं चित्र होतं, त्यात झोपाळा होता, झोपाळ्यावर आजी-आजोबा होते, आजोबांच्या हातात पेपरसुद्धा होता. ताबा मिळाला तेव्हा बाल्कनी होती, वर सपाट स्लॅब. कड्या नाहीत. विचारलं तर म्हणाला, चित्र ‘फक्त कल्पनेसाठी’ असतं, खाली बारीक अक्षरात लिहिलंय. सुतार आला, वर बघून म्हणाला, “बेन, आमां कडुं नहीं नखाय.” म्हणजे ह्यात कडी घालता येणार नाही. कड्या स्लॅब भरतानाच सळ्यांना बांधून ठेवायच्या असतात, नंतर भोक पाडायचं तर ते वरच्यांच्या फरशीतून निघतं. सोसायटीने मीटिंग घेतली. मीटिंगमध्ये वरच्या मजल्यावरचे म्हणाले की तुमच्या झोपाळ्याचा बोल्ट आमच्या जेवणाच्या टेबलाखाली येईल. त्यांचंही बरोबर. मग ह्यांनी लोखंडी स्टँडचा झोपाळा बघून आणला, तो बाल्कनीत गेला तर माणूस बाल्कनीत जाईना. शेवटी जुन्या फळीला चार पाय लावून दारालगत बाक केला. हलत नाही, पण निदान बूट काढायला म्हणून माणूस त्यावर टेकतो, आणि टेकल्यावर मग आम्ही बघतो.

दारापर्यंत पोहोचला तर! फाटकावर वही असते. नाव, फ्लॅट नंबर, वेळ, आणि एक रकाना ‘कारण’. ह्यांचे एक शाळासोबती आले, त्यांनी त्या रकान्यात लिहिलं ‘काही नाही’. वॉचमनने त्यांना उभं करून ठेवलं. कुरिअरवाल्याला कारण आहे, गॅसवाल्याला आहे, जेवण घेऊन येणाऱ्या पोराला आहे. साठ वर्षं जुन्या मित्राला कारण नाही, म्हणून इंटरकॉम वाजला आणि आमच्या ह्यांना विचारलं, एक काका आले आहेत, काम काही नाही म्हणतात, सोडू का?

हो, हो, दिसली चिठ्ठी. पाच मिनिटं. बघा, मी म्हटलं होतं ना.

तर घर लहान कसं करावं. भराभर सांगते. हातपाय चालतात तोवर करावं, नंतर ते मुलं करतात, आणि मुलं एका रजेत करतात. म्हणजे दोन आठवडे आणि एक ट्रक. सुरुवात दुसऱ्यांच्या वस्तूंपासून करावी, त्या सर्वांत आधी हलतात आणि तेवढ्या निमित्ताने तुमच्याही पायाला वाट होते. पितळ-तांबं एकदम विकू नका, आधी घरातल्या प्रत्येकाला एकेक उचलायला सांगा. नको म्हणणारी सून नंतर तेच घंगाळ कुंडी म्हणून मागते, अनुभव आहे. फोटो मात्र एकट्याने निवडू नका, जिला मागच्या पिढीची नावं माहीत आहेत तिला शेजारी बसवा आणि मागे पेन्सिलीने लिहा. मृत्युपत्र करून ठेवा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण आमचे वकील म्हणतात करून घेतलेली बरी.

परस असेल तर झाडांचं पावसाळ्यात बघा. कढीपत्त्याच्या मुळांतून फुटलेली रोपं मातीसकट निघतात. आमची ओळखीच्यांकडे दिली आणि आता त्या घरी जायला मला कारण विचारत नाहीत, पानं न्यायला आलेली दिसते. आमच्या बाल्कनीतल्या कुंडीतलं झाड एका फोडणीपुरतं आहे. शेवगा कुंडीत फारसा होत नाही, प्रयत्न करू नका.

नव्या घरी कप सहा ठेवा. दोघांसाठी दोन पुरतात, ते मला ठाऊक आहे, तरी सहा. बसायची एक जागा दाराजवळ ठेवा, जिथे माणसाला घरभर फिरावं लागत नाही आणि तुम्हाला आधी पसारा आवरावा लागत नाही. सोफा आत राहू द्या. गेस्टरूमचा आग्रह सोडा. राहायला येणारा वर्षातून एकदा येतो, बसायला येणारा आला तर दर आठवड्याला येईल, आणि त्याला चादर लागत नाही.

आणि शेवटचं. ‘कधीही या’ म्हटलं की कुणी येत नाही, हे आपण सगळे जाणतो. फोन करून यायचं तर समोरचा म्हणतो आज नको, डॉक्टरकडे जायचंय. म्हणून मी एक कागद फिरवते आहे, तो पहिल्या रांगेपासून मागे जाऊ द्या. त्यावर फोन नंबर लिहू नका. भाग लिहा, वार लिहा, वेळ लिहा. त्या वारी त्या वेळात आपण घरी असणार, दार लोटलेलं असणार, टीव्ही बंद असणार. फोन न करता यायचं, आणि कुणी आलं नाही तर रुसायचं नाही. फराळ करायचा नाही, चहाच. हे ठरवून घेऊ, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात बायका अळूवड्यांवर जातात आणि तिसऱ्या आठवड्यात दार बंद होतं.

आमचा गुरुवार, साडेपाच ते साडेसात. साडेपाचच्या आधी आलात तर हे झोपलेले असतात. वॉचमनने कारण विचारलं तर ‘डबा द्यायला’ म्हणा, ते त्याला पटतं. लिफ्ट अधूनमधून बंद असते आणि आम्ही चौथ्या मजल्यावर, तेव्हा गुडघेवाल्यांनी खालून हाक मारावी. बाक काही खाली येणार नाही, आम्ही येऊ.