आधी शब्द, मग सूर

श्रोतेहो, नमस्कार.

रामनवमी जवळ आली की पुण्यात घरोघरच्या बाजाच्या पेट्या बाहेर निघतात, सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या पडतात आणि 'गीतरामायणा'च्या तालमी सुरू होतात. म्हणून आज बाबूजींबद्दल बोलू, सुधीर फडक्यांबद्दल. चाल बांधणारा आणि ती गाणारा एकच माणूस असला की गाण्याचं काय होतं, हे बाबूजींकडे फार चांगलं ऐकू येतं.

बाबूजी कोल्हापूरचे. जन्म १९१९ चा, मूळ नाव राम. गाण्याचे सुरुवातीचे धडे वामनराव पाध्यांकडे. पण बाबूजींच्या गळ्यावर ठसा कोणाचा म्हणाल, तर दोघांचा: बालगंधर्वांचा आणि गायिका हिराबाई बडोदेकरांचा. गंधर्वांकडून घेतली ती शब्दाची गोडी. कितीही हरकत, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, घेतली तरी अक्षर पुसायचं नाही. आणि हिराबाईंकडून घेतलं ते स्वर लावणं. स्वरावर आदळायचं नाही, अलगद जाऊन टेकायचं. हे दोन कान घेऊन बाबूजी ऐका, बरंच काही उलगडतं.

आता तो किस्सा. बाबूजींचे चिरंजीव श्रीधर फडके सांगतात तो.

साल १९५५. पुण्याच्या आकाशवाणी केंद्राचे प्रमुख सीताकांत लाड. रामायणाची कथा गाण्यांतून सांगायची, आठवड्याला एक गाणं, वर्षभर. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, म्हणजे गदिमांचे. चाली बाबूजींच्या. दिवस ठरला १ एप्रिल, रामनवमी, शुक्रवार. वेळ सकाळची, पावणेनऊ ते नऊ. त्यात मागेपुढे व्हायला जागा नाही; रेडिओचं घड्याळ कोणासाठी थांबत नाही.

गदिमांनी पहिलं गीत लिहिलं. कागद बाबूजींच्या हाती दिला. आणि तो कागद हरवला.

हरवला म्हणजे हरवलाच. ध्वनिमुद्रणाची वेळ आली, तरी गाणं नाही. झेरॉक्सचा जमाना नव्हता, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा असाही नव्हता. एकच कागद, आणि तोच नाही.

मग लाडांनी काय करावं? एका खोलीत लिहायचं सगळं साहित्य मांडलं, गदिमांना आत बसवलं आणि खोली बंद केली. आत कवी, बाहेर संगीतकार.

पंधरा मिनिटं, श्रोतेहो. पंधरा मिनिटांत गदिमांनी अख्खं गीत आठवून पुन्हा लिहून काढलं. बाबूजींनी तिथल्या तिथे चाल बांधली आणि ध्वनिमुद्रण सुरू झालं. ते गाणं म्हणजे 'स्वये श्री रामप्रभू ऐकती'. हवेवर कार्यक्रमाला वेळ किती होता? पावणेनऊ ते नऊ, म्हणजे पंधराच मिनिटं. जेवढा वेळ ऐकायला, तेवढ्यातच ते लिहून झालं होतं.

आता पुढे ऐका, कारण हा किस्सा सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. त्या घाईत चाल कशी सुचली असेल? माझं मत असं की बाबूजींना चाल कुठे बाहेर शोधावी लागली नाही. गदिमांची ओळ मात्रांत इतकी चोख असते की ती मोठ्यानं वाचली तरी ठेका कळतो. कुठे लांबवायचं, कुठे पटकन सोडायचं, ते अक्षरंच सांगतात. बाबूजींनी त्या उच्चाराला सूर दिले. राग भूप. पाचच स्वर: सा रे ग प ध. मध्यम म्हणजे म नाही, निषाद म्हणजे नी नाही. त्यामुळे शब्द मोकळे राहतात, सुरांची गर्दी होत नाही.

पुन्हा सांगते, कारण तालमीत इथेच गाडी अडते: सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद वर्ज्य. ज्यांचा यमन रागाचा रियाज आहे, ज्यात निषाद असतो, त्यांच्या गळ्यात वरच्या षड्जाकडे, म्हणजे वरच्या सा कडे, जाताना तो नकळत येतो. उपाय सोपा आहे. तानपुरा पंचमावर, म्हणजे प वर, लावा, निषादावर नको, आणि गाण्याआधी पाच मिनिटं नुसतं 'प ध सा' म्हणा. पट्टी, म्हणजे आपला सा कुठे धरायचा ते, ठरवताना मुखड्यावर, म्हणजे सुरुवातीच्या ओळींवर, जाऊ नका; पुढच्या अंतऱ्यातला सर्वांत वरचा स्वर पाहा. पुरुषांना साधारण पेटीची काळी एक, बायकांना काळी चार किंवा पाच. वर ताण पडत असेल तर एक पट्टी खाली या, त्यात कमीपणा नाही.

दुसरी चूक उच्चाराची. 'स्वये'चं 'सवये' होतं, 'प्रभू'चं 'परभू'. जोडाक्षर सैल पडलं की मध्ये एक 'अ' घुसतो, तो मात्रा खातो आणि समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, यायला उशीर होतो. लोक तबलजीकडे बघतात, पण दोष जिभेचा असतो. म्हणून आधी शब्द, मग सूर. पेटी बंद ठेवून गाणं तीनदा वाचा, आणि वहीत हातानं उतरवून घ्या. हल्ली सगळे मोबाइलच्या पडद्यावर बघून गातात. मान खाली, आवाज छातीत अडकलेला, आणि मध्येच फोन आला की अंतरा गायब. हातानं लिहिलेलं गाणं निम्मं पाठ होतं.

आणि साउंडवाल्याला हात जोडून सांगा, इको कमी ठेव बाबा. बाबूजींच्या गाण्यात एका शब्दाची शेपूट दुसऱ्यावर पडली तर उरलं काय?

भूपावरून आठवलं. 'ज्योति कलश छलके' हे १९६१ च्या 'भाभी की चूडियाँ' या हिंदी चित्रपटातलं, बाबूजींचीच चाल, लताबाईंचा आवाज. त्याचा राग भूप की देशकार, यावर रसिक तासन्‌तास भांडतात. दोन्हींचे स्वर तेच पाच. पण भूप गंधारावर, म्हणजे ग वर, विसावतो, देशकार धैवतावर, म्हणजे ध वर, आणि देशकाराचा जीव सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात असतो. नाव ठरवण्याआधी गाणं कुठल्या स्वरावर टेकतंय ते ऐका. ते भांडण मला आवडतं; त्या निमित्तानं लोक पुन्हा ऐकतात तरी.

'गीतरामायण' बावन्न आठवड्यांचं ठरलं होतं, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि गाणी छप्पन्न झाली. शेवटचं १९ एप्रिल १९५६ ला वाजलं, पुढच्या रामनवमीला. शेवटाला साजेसा राग, भैरवी.

आता ऐकू या पहिलं गाणं, हरवून पुन्हा लिहिलेलं. वही-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. बाबूजी श्वास कुठे घेतात तिथे रेघ मारा, आणि 'श्री' व 'राम' यांच्यामध्ये तुमची रेघ येते का ते पाहा.