थांबायचे, पण कशासाठी?

मित्रहो,

मोटारींविषयी थोडेफार लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या माणसाला काही प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात. त्यांतला एक मला फार मोलाचा वाटतो, म्हणून आजचा पूर्ण वेळ मी त्यालाच देणार आहे. स्पोर्ट्‌स कार घ्यायची मनात आहे; आता घ्यावी की थांबावे? विचारणारा पंचविशीतला असो की पन्नाशीतला, हा प्रश्न विचारताना त्याचा आवाज जरा खाली येतो, कारण ही गाडी गरजेची नाही हे त्याला ठाऊक असते. मला त्यात ओशाळण्यासारखे काही दिसत नाही. घरच्या वापराची गाडी घेताना निम्मा निर्णय गरजच करून टाकते: माणसे किती, सामान किती, रोजचे अंतर किती. स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत हा आधार नसतो आणि सगळा निर्णय आपल्यालाच करावा लागतो, म्हणून तो अधिक विचाराने करायला हवा.

स्पोर्ट्‌स कार म्हणजे काय, यावर वाद घालत बसत नाही. वजनाला हलकी, जमिनीलगत बसलेली, मुख्यतः चालवणाऱ्याच्या आनंदासाठी बांधलेली गाडी, एवढा अर्थ आपल्याला पुरेल. माझदाची एमएक्स-५ ही १९८९ साली आली तेव्हा तिचे इंजिन अवघे १.६ लिटरचे होते, आणि तरीही छोट्या उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार पुन्हा जगभर दिसू लागली ती मुख्यतः तिच्यामुळे. तेव्हा अश्वशक्तीचा आकडा जरा बाजूला ठेवू.

आता थांबण्याविषयी. थांबणारी माणसे दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी थांबतात आणि दोन्हींना एकच शब्द वापरतात, तिथेच घोटाळा होतो. काही जण गाडीत काहीतरी बदलेल म्हणून थांबतात: नवे मॉडेल येईल, किंमत उतरेल, हवा तो गिअरबॉक्स मिळेल. काही जण स्वतःच्या परिस्थितीत काही बदलण्याची वाट पाहतात: कर्ज फिटेल, गाडी ठेवायला जागा होईल, मुले थोडी मोठी होतील. पहिल्या प्रकारात दोरी कंपनीच्या हातात असते, दुसऱ्यात बरीचशी आपल्या हातात. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: थांबायचेच असेल तर दुसऱ्या प्रकारच्या कारणासाठी थांबावे.

याचा अर्थ कंपनीसाठी थांबणाऱ्यांच्या पदरी कधीच काही पडले नाही, असा मात्र नाही. टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून केलेली छोटी कूपे, म्हणजे दोन दारांची, बंद टपाची गाडी, २०१२ साली आली. ती वळणावर सुरेख चालायची, पण तिच्या दोन लिटरच्या इंजिनात मधल्या फेऱ्यांवर, म्हणजे इंजिन मध्यम वेगाने फिरत असताना, जोर एकदम ओसरल्यासारखा वाटायचा आणि चालवणारे त्याबद्दल सतत कुरकुरत. २०२१ साली दुसरी पिढी आली ती २.४ लिटरचे इंजिन घेऊन, आणि ती उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली. टोयोटाची नवी सुप्रा २०१९ मध्ये फक्त ऑटोमॅटिक गिअरची होती. हाताने गिअर टाकण्याचा ज्यांचा आग्रह होता आणि ज्यांनी धीर धरला, त्यांना २०२२ मध्ये मॅन्युअल गिअरबॉक्स जाहीर झाल्याचे कळले. एमएक्स-५ च्या चौथ्या पिढीतल्या दोन लिटरच्या इंजिनावर कंपनीने २०१८ साली पुन्हा हात फिरवला आणि त्याची फेऱ्यांची मर्यादा मिनिटाला ६,८०० वरून ७,५०० वर गेली. ज्याने हे इंजिन शेवटपर्यंत फिरवून पाहिले आहे, त्याला या सातशे फेऱ्यांची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पोर्शेच्या केमन या गाडीच्या नव्या रूपासाठी जे थांबले, त्यांच्यासमोर २०१६ साली सहा सिलिंडरच्या जागी चार सिलिंडरचे टर्बो इंजिन आले. गाडी कागदावर वेगवान झाली होती, पण ज्या आवाजासाठी माणसे जीव टाकत होती तो आवाज गेला. चार लिटरचे सहा सिलिंडर इंजिन तिच्या जीटीएस प्रकारात परतले ते २०२० मध्ये, आणि तेही वरच्या किमतीच्या पायरीवर. होंडाची एस२००० नऊ हजार फेऱ्यांपर्यंत चढणारे इंजिन घेऊन १९९९ मध्ये आली आणि २००९ मध्ये बंद झाली. पुढची पिढी आलीच नाही. टोयोटाच्या छोट्या कूपेच्या ज्या दुसऱ्या पिढीचे कौतुक मी आत्ताच केले, ती युरोपात २०२२ ते २०२४ एवढीच विकली गेली, कारण सुरक्षेचे नवे नियम लागू झाले आणि त्यांत ती बसत नव्हती. टेस्लाने नवी रोडस्टर नोव्हेंबर २०१७ मध्ये दाखवली आणि २०२० चा वायदा केला. ते साल गाडीविना गेले, पुढची कितीतरी वर्षेही तशीच गेली, आणि आगाऊ रक्कम भरून बसलेले लोक वाट पाहत राहिले.

या सगळ्यावरून मी माझ्यापुरता एक दंडक केला आहे. जी गाडी प्रत्यक्ष दाखवली गेली आहे, जिचे वजन, इंजिन आणि विक्रीची तारीख जाहीर झाली आहे आणि जी काही महिन्यांत रस्त्यावर येणार आहे, तिच्यासाठी थांबणे शहाणपणाचे. जिच्याविषयी नुसती कुजबुज आहे, तिच्यासाठी हातातली चांगली गाडी सोडणे म्हणजे पळत्याच्या पाठी लागणे. त्यात आता हेही ध्यानात घ्यायला हवे की हलक्या, पेट्रोलवर चालणाऱ्या, हाताने गिअर टाकायच्या गाड्या दरवर्षी कमी होत आहेत. लोटसची एलिस पंचवीस वर्षे बनत होती, १९९६ ते २०२१. सुरुवातीची एलिस साधारण सव्वासातशे किलोची होती. आजच्या सुरक्षेच्या आणि धुराच्या नियमांत बसवून तशी गाडी पुन्हा बनवणे अत्यंत अवघड आहे. म्हणून ज्याचे मन अशाच गाडीवर जडले आहे, त्याने पुढच्या मॉडेलची वाट पाहू नये. पुढचे मॉडेल बहुधा अधिक जड, अधिक रुंद आणि अधिक शांत असेल.

किंमत उतरण्याची वाट पाहावी का? नवी गाडी घेणार असाल तर बहुतेक गाड्यांची सर्वांत मोठी घट पहिल्या दोन-तीन वर्षांत होते, हे जुनेच सत्य आहे, आणि ती घट दुसऱ्या कोणीतरी सोसल्यावर घेणारा फायद्यात राहतो. मर्यादित संख्येने निघालेल्या गाड्यांचे गणित वेगळे असते. त्या वाटेला मी जात नाही, कारण तिथे गाडीपेक्षा गुंतवणुकीचा विचार सुरू होतो. एक उदाहरण मात्र सांगण्यासारखे आहे. पोर्शेच्या ९११ चे इंजिन १९९८ पर्यंत हवेने थंड होत असे. त्याआधीच, १९९७ मध्ये, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची नवी पिढी दाखल झाली आणि जुन्या चाहत्यांनी तिला नाकारले. तिच्या दिव्यांच्या आकारावरही टीका झाली. तिच्या इंजिनातल्या एका बेअरिंगचा, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या भागाचा, दोषही पुढे गाजला. परिणामी हीच ९११ कितीतरी वर्षे सर्वांत स्वस्त राहिली, तर तिच्या लगेच आधीची पिढी हाताबाहेर गेली. ज्याने त्या बेअरिंगचे काम करून घेतलेली, कागदपत्रे चोख असलेली गाडी शोधली, त्याला एक उत्तम यंत्र रास्त भावात मिळाले. बाजारभाव लोकमताबरोबर हलतो. त्या लोकमताचा तळ नेमका कधी येईल, हे ओळखण्याच्या भरीस पडू नये.

आता माझे स्वतःचे सांगतो. मी पाच वर्षे थांबलो. आधी नव्या पिढीसाठी, ती आल्यावर तिच्या पहिल्या वर्षातले दोष निघून जावेत म्हणून, आणि नंतर भाव उतरावा म्हणून. प्रत्येक कारण त्या त्या वेळी समंजस वाटत होते. पैसे तयार होते, जागा होती. मला भीती होती ती लोक काय म्हणतील याची, आणि त्याहून अधिक, इतकी वर्षे मनात जपलेली गाडी हाती आल्यावर आनंद झालाच नाही तर काय, याची. शेवटी घेतली तेव्हा पहिल्याच महिन्यात कळले की आनंद होता, पुरेपूर होता; मात्र त्या पाच वर्षांत माझा डावा गुडघा दुखू लागला होता आणि रहदारीत क्लच दाबून धरणे अर्ध्या तासानंतर जड जात होते. जमिनीलगतच्या गाडीत शिरायला आणि तीतून बाहेर पडायला शरीर साथ देणारे हवे, आणि शरीर कोणत्याही नव्या मॉडेलची वाट पाहत नाही.

याच्या नेमके उलट माझ्या एका तरुण स्नेह्याचे झाले. त्याने मुळीच वाट पाहिली नाही. पगार वाढला त्याच महिन्यात लांब मुदतीच्या कर्जावर गाडी घेतली. हप्ता बसत होता, पण हप्ता ही फक्त सुरुवात असते. मोठ्या चाकांचे चार टायर, वर्षाचा विमा, मोठ्या डिस्कचे ब्रेक, कंपनीच्या दराची सर्व्हिस, हे सगळे गाडीच्या मूळ किमतीच्या मापानेच येते. सेकंडहँड घेताना गाडी अर्ध्या किमतीत मिळते, पण तिचे सुटे भाग अर्ध्या किमतीत मिळत नाहीत. वर्षभराने मी ती गाडी पाहिली तेव्हा ती तळघरात आच्छादनाखाली उभी होती. आच्छादन बाजूला केले तर चारही डिस्कवर गंजाचा तांबूस थर, बॅटरी उतरलेली. ती चार्ज करून गाडी थोडी हलवली, तेव्हा एकाच जागी उभ्या राहिलेल्या टायरच्या सपाट झालेल्या भागामुळे स्टिअरिंगमध्ये ठक-ठक जाणवत राहिली. तो म्हणाला, “बाहेर काढायची हिंमतच होत नाही, काका. काही झाले तर भरणार कुठून?” चालवण्यासाठी घेतलेली गाडी चालवायची भीती वाटावी, ही मला या व्यवहारातली सर्वांत वाईट गोष्ट वाटते. तो अंथरूण न पाहता पाय पसरणारा मुलगा नव्हता. त्याने फक्त चुकीचा आकडा मोजला होता.

म्हणून “घेऊ की थांबू” असे विचारणाऱ्याला मी हल्ली एकच काम सांगतो. गाडीचा संभाव्य हप्ता, विम्याचा बारावा भाग, टायर-सर्व्हिसचा मासिक वाटा आणि पेट्रोल यांची बेरीज करा आणि गाडी नसतानाच ती रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. सहा महिने ही रंगीत तालीम करा. शिवाय महिन्यातले किती तास आपण खरोखर मोकळे होतो, हे लिहून ठेवा. रक्कम न अडखळता जात राहिली आणि पहाटेचे दोन-चार तास सापडत राहिले, तर आणखी थांबण्याला कारण उरत नाही, घ्या. आणि या सहा महिन्यांत रेसट्रॅकवरच्या एखाद्या प्रशिक्षणाला एक दिवस द्या. वजन पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर कसे सरकते, ब्रेक कधी सोडायचा, वळणात नजर कुठे ठेवायची, हे ज्याला शिकवले गेले आहे त्याला हलकी, कमी ताकदीची गाडीही पुरून उरते. पुष्कळदा त्या एका दिवसाने माणसाची पसंतीच बदलते.

सेकंडहँड गाडी पाहायला जाणार असाल तर इंजिन थंड असतानाच ते तुमच्यासमोर सुरू झाले पाहिजे. थंड इंजिन पहिल्या अर्ध्या मिनिटात बरेच काही सांगून टाकते: इंजिनातल्या साखळीचा खळखळाट, निळसर धूर, फेऱ्यांची चढउतार. आधीच गरम करून ठेवलेल्या गाडीत यातले पुष्कळ लपते. टायरच्या कडेला उत्पादनाच्या तारखेचे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर सात-आठ वर्षांचे असेल, तर गाडी फिरलेली कमी आणि उभी अधिक, असे समजावे आणि मग ब्रेक ऑइल कधी बदलले ते विचारावे, कारण ते हवेतला ओलावा शोषून घेते आणि साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. कमी किलोमीटरचे फार कौतुक करू नका. फेरारीच्या एफ३५५ मध्ये टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा, बदलायला इंजिनच खाली उतरवावे लागते. तो बेल्ट वयानेही जुना होतो, गाडी चालली असो वा नसो. आणि ज्या मालकाजवळ दर वर्षीची पावती आहे, त्याची अधिक चाललेली गाडी मी डोळे झाकून आधी पाहीन.

गेल्या वर्षी एक मुलगी माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन आली. तिला नवी, मोठ्या इंजिनाची गाडी हवी होती. तिने तालीम सुरू केली. चार महिने रक्कम व्यवस्थित गेली, पाचव्या महिन्यात घरात आजारपण निघाले आणि त्या खात्यातून पैसे काढावे लागले. सहाव्या महिन्यात तिने फोन केला. मला वाटले, नाद सोडला असेल. तिने वह्या काढून बसल्यासारखे आकडे वाचून दाखवले: मोठी गाडी झेपणार नाही, पण नऊ वर्षे जुनी, छोट्या इंजिनाची, सगळ्या पावत्या असलेली दोन आसनांची एक गाडी तिने शोधली आहे, तिचा सगळा खर्च त्या महिन्यातही भागला असता. शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही ती पाहायला जाणार आहोत. आम्ही पोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका, असे तिने मालकाला आधीच कळवून ठेवले आहे.